बाबांच्या गाडीतलं शिळं पेट्रोल

टाकीचं झाकण उघडताच धाकटीने तोंड फिरवलं. पेट्रोलचा तो झणझणीत वास कुठेच नव्हता. जुन्या रंगाच्या डब्यात काहीतरी कुजावं तसा आंबूस, चिकट भपकारा नाकात शिरला आणि घशात जाऊन बसला.

“दादा, ही शेवटची कधी चालू केली होतीस?”

थोरला आरशावर फडकं मारत होता. “अगं, नेमाने पुसतो. टाकीत तोंड दिसतं बघ.”

“पुसायचं नाही, चालू करायचं विचारतेय.”

तो आरसा आणखी जोरात पुसू लागला. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी बाबांनी मोठ्या विश्वासाने ही मोटरसायकल त्याच्या पार्किंगमध्ये आणून ठेवली होती. त्यांचं सांगणंही फार नव्हतं. आठवड्यातून एकदा चांगली लांब फेरी मार. जमणार नसेल तर टाकी गच्च भरून ठेव, आत गंज धरत नाही. आणि पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपसूक थांबेपर्यंत चालू दे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. त्यानंतर दर फोनवर थोरला बिनदिक्कत सांगायचा, “आत्ताच फिरवून आणली बाबा, मस्त पळते!”

आज डॉक्टरांची परवानगी मिळाली होती, आणि गाडी न्यायला थोरल्याच्या घरी आलेले बाबा हेल्मेट काखेत धरून एकेक पायरी उतरत होते.

“वरून थोडं ताजं ओत ना,” थोरला कुजबुजला. “कशाला आत्ता तमाशा?”

धाकटी पॅकिंगच्या कारखान्यात मशीन सांभाळायची. ग्रीस, काजळी, जळकं ऑइल, कशाचीच तिला किळस येत नसे. पण कार्ब्युरेटरची वाटी खोलली आणि तिने ती अंगापासून लांब धरली. आत हिरवट-पिवळा राप बसला होता, नाकातल्या शेंबडासारखा. बोट लावलं तर तार निघाली. पेट्रोल सोडणाऱ्या जेटची बारीक भोकं पार बुजली होती. टाकीतून डब्यात काढलेलं पेट्रोल चहासारखं तांबडं, तळाशी गंजाचा चुरा.

“ओतून दे त्या गटारात,” थोरला नाक दाबून म्हणाला.

“आणि मग पेटलं म्हणजे? गॅरेजमध्ये नेऊन द्यायचं असतं हे.”

एवढ्यात बाबा येऊन पोचले. त्यांनी वाटीतला राप बोटांवर घेतला, चोळला, हुंगला. चेहरा आक्रसला.

“फोनवर तर मस्त पळत होती.”

“बाबा, तुमचं मन मोडू नये म्हणून…”

“माझं मन धड आहे. कार्ब्युरेटर बिघडलाय.” बाबांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि ब्रश दिला. “घास.”

थोरल्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या, दोनदा ब्रश फिरवला, उबळ आली आणि हात धुवायला म्हणून जो वर गेला तो आलाच नाही. बाप-लेकीनेच जेट क्लीनरमध्ये भिजवले, हवा मारून मोकळे केले, टाकी पुन्हा पुन्हा धुऊन गंज काढला, ती वाळवली, नवी नळी आणि फिल्टर बसवला. बोलायला तोंड उघडलं की तो वास जिभेवर यायचा.

ताजं पेट्रोल घातलं. बऱ्याच किका मारून झाल्यावर गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि धडधडू लागली. आवाज ऐकून थोरला खाली उतरला. अंघोळ झालेली, अंगावर अत्तर. सरळ सीटवर टांग टाकून त्याने फोन बहिणीपुढे धरला.

“एक फोटो काढ गं. हँडल नीट येऊ दे.”

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मघाच्या त्या रापाचीसुद्धा तिला इतकी किळस आली नव्हती.

“उतर,” बाबा म्हणाले.

“अहो, एकच…”

“उतर म्हणतो ना.”

तो उतरला. बाबांनी हेल्मेट लेकीच्या हातात दिलं आणि जपून गुडघा उचलत मागच्या सीटवर बसले. “आज तूच चालव. आणि गाडी आता तुझ्याकडेच राहील.”

कोपऱ्यावर वळताना तिने आरशात पाहिलं. थोरला तिथेच उभा राहून पँटला लागलेला डाग रुमालाने पुसत होता. तिने नजर रस्त्यावर आणली आणि गिअर टाकला.