जतीनशेठांचं दोन ओळींचं भाषण

माझी वहिनी चंद्रावती जन्मापासून ऐकत नाही, आणि लग्न झाल्यापासून माझ्या भावाचं तर मुळीच ऐकत नाही. चिंचणीच्या बाजारात आम्ही नणंद-भावजय शेजारी बसून मासळी विकतो. ती हातांनी भाव सांगते, मी तोंडानं. तिची पाटी आधी रिकामी होते, कारण हातांनी घासाघीस करायला गिऱ्हाइकाला येतच नाही.

यंदा डहाणू-तलासरीच्या कर्णबधिर मंडळानं तिला 'झुंजार' पुरस्कार जाहीर केला. कशासाठी? सरकारी दवाखान्यात हातांची भाषा जाणणारा दुभाषी हवा, ही मागणी तिनं पाच वर्षं लावून धरली म्हणून. आणि दुभाषी कुठाय? त्याचा पत्ता नाही. मागणी जिथल्या तिथे, सत्कार मात्र शाल-श्रीफळासकट. मला हसू येत होतं, वहिनीला संताप.

संतापाला कारण होतं. झरीची तुळशी, तिलाही ऐकू येत नाही. मागच्या साली तिचं पोट फाडून बाळंतपण झालं. फाडणार आहेत हे तिला कोणी सांगितलंच नाही. शुद्धीवर आल्यावर टाके बघून कळलं. आणि आता वहिनीची लेक किंजल, आईसारखीच, तिला आठवा लागलेला. मी आहे म्हणा दुभाषी, बिनपगारी. पण मी मासळी घेऊन बोईसरला गेले आणि इकडे कळा सुरू झाल्या तर?

कार्यक्रमाचे पाहुणे होते जतीनशेठ, त्याच दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष. वहिनीची मागणी 'बघू, बघू' करत लोंबकळत ठेवली ती ह्यांनीच. मग मंडळानं त्यांनाच का बोलावलं? पाहुणा वजनदार असला की हॉल फुकट मिळतो.

शेठांना एक खोड आहे. जातील तिथल्या भाषेत दोन ओळी पाठ करतात. झरीकडे वारलीत, उंबरगावकडे गुजरातीत. त्यावर टाळ्या घेतात आणि मग मराठीतून तासभर पकवतात. आल्या आल्या त्यांनी मला गाठलं. "मावशी, यांच्या भाषेत दोन ओळी शिकवा ना. चंद्रावतीताईंचा आम्हाला अभिमान आहे, असं काहीतरी."

मी वहिनीला हातांनी सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली, मग पुन्हा अशी काही हसली की मला धडकीच भरली. शिळी मासळी ताजी म्हणून गळ्यात मारू बघणाऱ्या व्यापाऱ्याला ती अशीच हसते.

तिनं शेठना कोपऱ्यात नेऊन शिकवलं. छातीवर बोट. दंडात सुई. दोन्ही हात बोलते. मग नाकापुढे सोंड. शेवटी चिमटीत गळा.

"ही सोंड कशाला?" शेठांनी मला विचारलं.

"शुभकार्यात गणपती नको का, शेठ?"

"आणि गळा?"

"अभिमानानं दाटून येतो ना, तो."

इतकं सफाईदार खोटं मी कधी पापलेटबद्दलही बोलले नव्हते. खरी ओळ होती: दवाखान्यात गणपतीच्या आधी मी दुभाषी देतो, शपथ.

शेठांनी माईकसमोर उभं राहून ती झोकात म्हटली. आमच्या लोकांची टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून हलवणं. सगळ्या हॉलचे हात एकदम वर गेले. तलासरीचा म्हातारा लाहू खुर्चीवर चढला. तुळशी लेकराला कडेवर घेऊन रडत होती. शेठांना वाटलं, जिंकलं. त्यांनी सगळं पुन्हा केलं, या खेपेला गळा दोन्ही हातांनी धरून. समोर मोबाइलच मोबाइल. पंगत बसेपर्यंत भाषण सुरतेला पोचलं होतं.

दोन दिवसांनी शेठ बाजारात आले, लालबुंद. "मावशी, काय बोलायला लावलंत मला? माणसं दारात येतात नि सोंड दाखवून जातात!"

"चुकलंच, शेठ. सांगून टाका त्यांना, मी असं म्हटलंच नव्हतं."

"सांगणारच!"

"पण तोंडानं सांगून त्यांना कळायचं नाही. हातांनी सांगावं लागेल. या, वहिनी शिकवते."

वहिनीनं कोळंबी बाजूला सारली, हात पुसले आणि मोठ्या उत्साहानं पुढे सरकली. शेठ दोन पावलं मागे झाले.

"हिच्याशिवाय दुसरं कोणी नाही का, ही भाषा येणारं?"

"शेठ," मी म्हटलं, "पाच वर्षं आम्ही तेच तर विचारतोय."

गणपतीच्या आधी नाही, पण विसर्जनाच्या आत दवाखान्यात निलम नावाची दुभाषी रुजू झाली.

किंजलचंही पोट फाडावं लागलं. पण आधी निलमनं तिला हातांनी सगळं नीट सांगितलं. किंजलनं उलट काहीबाही विचारलं, उत्तरं घेतली आणि मगच मान हलवली. मी दाराच्या काचेतून बघत होते. मग येऊन वहिनीशेजारी बाकावर बसले. त्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच बिनकामाची होते आणि मला रडू आवरेना.

वहिनीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि शेठांसारखा दोन्ही हातांनी आपला गळा धरून दाखवला.