अंगावरचं दूध

२०२० सालचा जून महिना. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागे राहणाऱ्या विनिताचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिची ऋतिका दोन वर्षांची होती आणि अजून अंगावर पीत होती.

न्यायला आलेली डॉक्टर तरुण होती. म्हणाली, "मास्क लावून, हात धुऊन पाजता येईल. बाळाला आईबरोबर पाठवलं तरी चालेल. तुम्ही ठरवा."

"ठरवायचं काय त्यात?" सासू पार्वतीने नातीला कडेवर आवळून धरलं. "तिथं सगळे आजारी. पोरगी न्हाय जायची."

विनिताने नवऱ्याकडे पाहिलं. मनोज चपला शोधत होता. या दोघींच्या मध्ये पडायची वेळ आली की त्याच्या चपला हमखास हरवत.

ती एकटीच गेली. एका शाळेत खाटा टाकल्या होत्या. दूध आटू नये म्हणून ती रोज चार वेळा मोरीत जाऊन पिळून टाकायची. शेजारच्या खाटेवरच्या सीताबाई म्हणायच्या, "मोरीचं बाळसं बघ कसं वाढतंय!" आणि मग स्वतःच दाराशी राखणीला बसायच्या.

घरी फोन केला की पार्वती म्हणे, "तुझा आवाज आला की जास्त रडते गं. ठेव."

सतराव्या दिवशी विनिता परतली. अंघोळ करून भिंतीला टेकून बसली. ऋतिका जवळ आली, पदराखाली डोकं घातलं आणि लगेच मागे सरली.

"कडू," ती म्हणाली.

"हे कुठून शिकली?" विनिताने विचारलं.

पार्वती खाली बघत होती. "दिवसभर माझाच पदर ओढायची. म्हातारीच्या अंगाला काय हाय? मग माझ्याच अंगाला कडू कोरफड लावली. आमच्यात अशीच अंगावरनं तोडतात पोरं. तुझंबी सोडील, हे मला काय ठाव?"

"विचारायचं तरी, आई."

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

पुढचे चार दिवस विनिता ऋतिकाला जवळ ओढत राहिली. मग दूध आटलं.

घरात दुसरं कुणी आजारी पडलं नाही. पार्वतीने केलं ते बरोबरच केलं, असं सगळे म्हणतात, विनिताही म्हणते. सीताबाई बऱ्या होऊन वज्रेश्वरीला गेल्या, देवळापाशी पुन्हा हार विकू लागल्या. मनोजने आपला भाड्याने चालवायचा टेम्पो विकून पडघ्याच्या गोदामात नोकरी धरली. पार्वती पंच्याहत्तरीची झाली, कानाने अधू. विनिताला दुसरं मूल झालं नाही. ऋतिका शाळेत जाते, धडधाकट आहे, आजीपाशी झोपते. कधी रात्री विनिताने झोपायला हाक मारली तर येतेही, पण आपली उशी काखेत घेऊन, पाहुण्यासारखी.