पडीक रानाची धनीण

इकडं तमिळ मुलखात, आवडी गावी, आमच्या क्वार्टर्समागचं रान त्या साली माझ्या लेकाच्या, वादिराजाच्या डोक्यासारखं झालं होतं, टक्कल. नव्या क्वार्टर्स उभ्या राहिल्या, चराई आखडली, आणि उरल्या तुकड्यावर सगळ्यांचीच गुरं तुटून पडली. माझ्या गाईच्या, जाईच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

लेक म्हणाला, "आई, संक्रांतीपर्यंत चाऱ्याचं जमलं नाही तर गाय विकू."

म्हातारी गाय विकली की कुठं जाते, हे कळायला शाळा लागत नाही.

आषाढात मुत्तु कोनार मेंढरं घेऊन आला. भातशेतांत रात्री कळप बसवायचा, लेंड्यांनी जमीन सुधारायची, हा त्याचा पिढीजात धंदा. मी म्हटलं, "ह्या रानात बसव की."

"बसवतो, अम्मा. पण शेताचा धनी आम्हांला रात्री जेवू घालतो. इथला धनी कोण?"

"सरकार."

"सरकार रांधतं का?"

हजरजबाबीपणा मी दुसऱ्याचा खपवून घेत नाही. पण त्याचं खरं होतं. म्हटलं, "मी रांधते. आजपासून धनीण मी."

सून अंबुजा हंड्याकडे बघतच राहिली. "सासूबाई, एवढी नाचणीची उकड?"

"तुझ्या माहेरचे येणार असते तर हंडा लहान वाटला असता."

ती हसली आणि घोटायला बसली. रोज कळप थोडा पुढं सरकायचा, मागं जमीन काळी व्हायची.

इकडचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा. त्याच्या तोंडावर कोनार म्हणाला, "आता गवत उगवून बी झडेपर्यंत कुणाचंच जनावर आत नको. आमचंही नको." आणि खरंच, कोवळं गवत वर यायच्या वेळेलाच तो कळप घेऊन लांब तिरुवळ्ळूरकडे निघून गेला. राखण माझ्यावर. जाई पेंढ्यावर आणि तांदळाच्या धुवणावर. शेजारचे चंद्रमौळी म्हैस घेऊन आले, त्यांना म्हटलं, "म्हैस आणि जीभ, दोन्ही बांधून ठेवा." बांधली बिचाऱ्यांनी. म्हैस तरी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गाईंच्या पोंगलला, म्हणजे इकडच्या पोळ्याला, गवत गुडघ्याएवढं होतं. कोनार कळपासकट परतून बांधाशी उभा. एका मेंढराचा खूर आत नाही.

"धनीणबाई, हुकूम?"

"सोड तुझी मेंढरं."

"नाही अम्मा, आधी गाई. मेंढरं बुडखा कुरतडतात. ती शेवटी."

ज्यांच्या जिवावर रान उगवलं, तीच शेवटी खाणार! मी जाईचं दावं सोडलं. ती आत शिरली ती मान वर काढेना. वादिराजानं ते पाहिलं. मग घरी जाऊन गोठ्यातली हललेली मेख ठोकून घट्ट करून आला. विकायचं नाव पुन्हा काढलं नाही.

आभार मानायची मला सवय नाही. कोनाराला म्हटलं, "रात्री सगळे जेवायला या. आज उकड नाही, गोड भात आहे."

"पण अम्मा, आज कळप बसवला नाही."

"नसेना का! धनीण कोण आहे इथली?"