नेढ्यासारखी रेषा

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. तळहाताएवढी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. वेधशाळेत माझ्या अंगावर उजेड टिपणारा मसाला चढवला होता. दुर्बिणीतून आलेला उजेड लोलकातून फाकायचा आणि माझ्यावर त्याच्या रेषा उमटायच्या. रेषेवरून वायू ओळखता येतो. रेषा जागची सरकली, तर तो वायू आपल्याकडे येतोय की लांब जातोय, तेही कळते.

फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचा धुरळा माझ्यावर टिपला तो दुर्बीणवाल्या दादांनी. सकाळी मला धुतले, तर धुरळ्याची रेषा मधोमध दुभंगलेली.

"दादा, काच नीट आवळली नाहीत. मध्येच घसरली," वेधशाळेचे साहेब म्हणाले. "हात थरथरतात तुमचे. आता दुर्बीण सोडा, काचांची कपाटं सांभाळा."

दादांचे हात खरेच थरथरायचे. चहा कपात कमी, बशीत जास्त. मला खरवडून खिडकीला लावायचे ठरले.

रेषांच्या मोजणीच्या खोलीत दादांची धाकटी बहीण काम करायची. सगळे तिला मोजणीताई म्हणत. तिने मला भिंगाखाली धरले आणि हाक मारली.

"साहेब, इकडे या जरा. कडेच्या या रेषा ताऱ्याच्या नाहीत, मापासाठी इथंच लावतो त्या दिव्याच्या. दादानं धुरळा टिपण्याआधी उमटवल्या आणि टिपून झाल्यावर पुन्हा त्यांच्यावरच. काच घसरली असती, तर या पण दोन-दोन झाल्या असत्या. बघा, केसासारख्या एकेरी आहेत."

"मग मधली का फाटली?"

"फाटली कुठे? दोन्ही टोकांना जुळलीय. सुईच्या नेढ्यासारखी. धुरळा आतून पोकळ आहे, साहेब, फुग्यासारखा. अलीकडची बाजू आपल्याकडे येतेय, पलीकडची लांब चाललीय. म्हणून मध्ये दोन. कडेला तो नुसता आडवा पसरतो, म्हणून टोकांना एकच."

साहेब बराच वेळ भिंगावरून उठले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दादा, आज दुर्बीण किती वाजता उघडताय?"

"चहा झाला की," दादा म्हणाले. "बशीतला."

पुढे नवी यंत्रे आली. मी कपाटात पडून आहे. मसाला कडेने सुटू लागलाय आणि कपाट रिकामे करायची बोलणी कानावर येतात. मित्रांनो, काचेचे काय, कधीतरी फुटायचीच. पण फेकण्याआधी एकदा भिंगाखाली धरा आणि कडेच्या रेषाही बघा. एका बहिणीने त्या बघितल्या, म्हणून दादांची दुर्बीण दादांकडेच राहिली.