भिंतीवर न गेलेली दुनळी

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, आणि माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. माझ्या दोन्ही नळ्या जवळजवळ वीतभर कापलेल्या आहेत. दस्त्यावर चरे आहेत. जुन्या बंदुका जमवणारे लोक मला पाहिलं की जीभ टाळ्याला लावून चुकचुकतात आणि म्हणतात, "चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं." चुकचुकोत बापडे. त्यांच्या बंदुका मखमलीवर झोपा काढतात आणि मी अजून धूर काढते.

माझा जन्म स्पेनमधल्या बास्क लोकांच्या डोंगरात, एइबार गावात झाला. त्या गावात तेव्हा गल्लोगल्ली बंदुका घडत. श्रीमंतांच्या बंदुकांवर वेलबुट्टी कोरली जाई. माझ्यावर कुणी साधं पानसुद्धा कोरलं नाही. श्रीमंतांच्या बंदुका उघडल्या की रिकामी काडतुसं टणकन बाहेर फेकत. मी ती फक्त बोटाच्या पेराएवढी वर उचलून धरी, पुढचं तुमचं तुम्ही बघा. याची मला लहानपणी फार लाज वाटे. पुढे याच गोष्टीने माझं नशीब उघडलं.

जहाजातून, रेल्वेतून मी अमेरिकेत आले आणि नेवाडा राज्यातल्या एल्को गावी एका लोखंडी सामानाच्या दुकानात उभी राहिले. तिथे मला बातिस्त अराम्बिदेने विकत घेतलं. तोही बास्कच, मेंढपाळ. दुकानदाराशी त्याला धड बोलता येईना, म्हणून तो माझ्याशीच आपल्या भाषेत बोलला. "चल, डोंगर साधारण तसलेच आहेत," असं म्हणाला.

मग पुष्कळ वर्षं मी त्याच्या मेंढ्यांमागे डोंगर चढले आणि उतरले. कोयोटी नावाचे रानकोल्हे आले की मी भुंकायची. एरवी बातिस्त माझी नळी आपल्या मुक्कामाच्या गाडीच्या दाराला अडकवून दार उघडं ठेवी आणि माझ्या दस्त्याने तंबूच्या खुंट्या ठोकी. ते चरे तेव्हाचे आहेत. त्याने माझी पूजा कधी केली नाही. पण एक नियम त्याने कधी मोडला नाही. पट्ट्यातली काडतुसं कामासाठी, आणि दोन काडतुसं नेहमी वेगळ्या खिशात. ती परतीच्या वाटेची. त्याची मुलं, थोरला पेयो आणि धाकटी ग्राशी, सुट्टीत डोंगरावर येत. मला घेऊन जो गाडीबाहेर पडेल त्याच्या खिशात मागे राहणाऱ्याने दोन काडतुसं टाकायची, असा त्या घराचा रिवाजच होता. मुलं त्याला आइता म्हणत, म्हणजे बाबा.

बातिस्त गेला आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. हेळसांड झाली असं समजू नका, लाड झाले. पेयोने गावात खाणावळ काढली होती. लांबच लांब टेबलं, लसणाचं सूप, मटणाचा रस्सा. त्याने मला तिथल्या कपाटात, टेबलावरच्या चादरींखाली, फडक्यात गुंडाळून ठेवलं. वर्षातून एकदा बाहेर काढी, तेल लावी, डोळे पुशी आणि पुन्हा गुंडाळी. खाणावळीच्या भिंतीवर मेंढ्यांच्या घंटा, लोकरीच्या कात्र्या आणि आइताची टोपी टांगलेली होती. त्याच्या शेजारी मला टांगायची आणि खाली पितळेची पाटी लावायची, असं त्याच्या मनात होतं. माझं मत कुणी विचारलं नाही.

ग्राशीचा स्वभाव बापावर गेला होता. हिवाळ्यात ती रस्त्यावरचं बर्फ हटवणारी मोठी गाडी चालवायची आणि उन्हाळ्यात तिला काहीतरी हवं असायचं. तिथे गावाबाहेर एक खेळ चालतो. माणसं जुन्या काळातल्या गुराख्यांसारखा वेष करतात, खोटी नावं घेतात आणि घड्याळ लावून लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. दोन पिस्तुलं, एक रायफल आणि एक दुनळी. दुनळीच्या पाट्या पडाव्या लागतात. पडेपर्यंत पुन्हा मारता येतं, पण वेळ जातो, आणि उभी राहिली तर चूक धरतात.

ग्राशी नाव नोंदवायला गेली तेव्हा टेबलापाशी हँक ट्विडी बसला होता. एरवी तो ट्रॅक्टर विकतो, पण खेळात सगळे त्याला जज्जसाहेब म्हणतात. तिच्या डोक्यावर आइतासारखी सपाट बास्क टोपी बघून तो हसायला लागला. गुराखी आणि मेंढपाळ यांचं तिथे कुरणांवरून पिढ्यानपिढ्यांचं वैर.

"गुराख्यांच्या खेळात मेंढीवाली? आमचे आजे-पणजे थडग्यात कूस बदलतील की गं."

"बदलू देत. एका कुशीवर किती झोपतील," ग्राशी म्हणाली. "लिही. मेंढीवाली. तेच नाव लाव माझं."

आता तिला दुनळी हवी होती. टायरच्या दुकानामागे लायल ऑस्ट्रँडर नावाचा बंदूक दुरुस्त करणारा होता. बोलायला लागला की हातातलं काम थांबायचं आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. त्याने तिच्यापुढे चार दुनळ्या मांडल्या. एक नवीकोरी, पण उघडताना दाराच्या गंजक्या बिजागरीसारखी कुरकुरणारी. एक इतकी जड, की दुसऱ्या पाटीपर्यंत हात भरून यावेत. एक देखणी, चांदीच्या नक्षीची.

"ही बघू नकोस," लायल म्हणाला. "रिकामी काडतुसं आपण होऊन फेकते. आपल्या खेळात तिला बंदी आहे. आपल्याला नुसती उचलून धरणारी लागते, बाकीचा झटका आपल्या मनगटाने द्यायचा. आणि फार लांब नळीची नको. चौथी बघ."

ग्राशीने चौथी उचललीसुद्धा नाही. "अशी एक आमच्याकडे आहे," ती म्हणाली, "चादरींखाली."

पेयो मेंढ्यांच्या बाजाराला परगावी गेला, त्या दिवशी तिने मला उचललं.

लायलने मला शिकंज्यात धरलं आणि करवत लावली. दुखलं का? दुखलं, खोटं कशाला बोलू? कायद्याने जितकी नळी ठेवावी लागते त्याहून थोडी जास्तच त्याने ठेवली आणि उरलेली दोन टोकं, नेम धरायच्या माझ्या जुन्या माशीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला टाकली. नवी पितळी माशी बसवली. मग काडतुसं बसतात ती दोन घरं त्याने आतून घासायला घेतली. घास घास घासली, इतकी की तो स्वतःचं नाक त्यात बघायला लागला. तोंडाशी कडा गोलसर केल्या, म्हणजे घाईतही दोन्ही काडतुसं एकदम आत घसरावीत. उघडायची खिट्टी हलकी केली. दस्त्याला कातडी आवरण चढवलं. इतक्या वर्षांत माझ्या आत कुणी एवढा जीव ओतला नव्हता. चांदीच्या नक्षीवालीने कोपऱ्यातून माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. मी तिला विचारलं, तू शेवटची कधी तापली होतीस?

पेयो परत आला आणि खाणावळीत भडका उडाला.

"आइताची बंदूक कापलीस तू. लाज नाही वाटली?"

"आइता हिच्या दस्त्याने खुंट्या ठोकायचा. तेव्हा तू काही बोलला नाहीस."

"तो मालक होता."

"आणि मी कोण, पाहुणी?"

पेयोने वर्तमानपत्राची ती पुरचुंडी तिच्या हातातून हिसकली आणि छातीशी धरली. शेवटी बऱ्याच आरडाओरड्यानंतर पैज लागली. येत्या स्पर्धेत माझ्या वाट्याची एक जरी पाटी उभी राहिली, तरी मी कायमची भिंतीवर जाणार. सगळ्या पडल्या, तर पेयोने भिंतीचं नाव काढायचं नाही. त्यानंतर भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं, पण दर रविवारी ग्राशीच्या दाराशी खाणावळीतला गरम पाव मात्र येत राहिला.

मी भ्यायले होते हे सांगून टाकते. मरणाला नव्हे, त्या पितळी पाटीला. एकदा खाली पाटी लागली की माणसं वाचतात आणि जेवायला बसतात.

स्पर्धेच्या दिवशी जेवणाचं काम नेमकं पेयोच्या खाणावळीकडे होतं. गुराखी दिवसभर मेंढीवाल्यांना टोमणे मारतात आणि दुपारी मेंढीच्या रश्श्यासाठी रांग लावतात, तिथली रीतच आहे. सकाळी ग्राशी तयार होत होती तेव्हा पेयो आला, त्याने तिचं जुनं जाकीट झटकून तिच्या अंगावर चढवलं आणि तसाच पातेल्याकडे निघून गेला.

दिवसभर मी काय चालले म्हणून सांगू. पट्ट्यातून काडतुसं जोडीने उचलली, आत टाकली, खटॅक, धाड धाड, मनगटाचा एक झटका, आणि रिकामी दोन्ही मागच्या बाजूने माझ्या पोटातून सरसर बाहेर. पूर्वीची मी असते तर ती बोटांनी उपसावी लागली असती. पाट्या पडत गेल्या. जज्जसाहेबांच्या मिशा खाली यायला लागल्या.

शेवटची फेरी आली. जज्जसाहेब मोठ्याने म्हणाले, "मेंढीवालीला पट्टा भरून काडतुसं लागतात म्हणून चाललंय सगळं." झालं, ग्राशीचं डोकं फिरलं. चार पाट्या होत्या. तिने पट्ट्यात सहाच काडतुसं ठेवली आणि बाकीची डब्यात टाकून डबा लायलच्या हातात दिला. अराम्बिदेंच्या घरात हट्टाला तोटा नाही.

या खेळात घड्याळ सुरू होण्याआधी नेमबाजाने एक वाक्य म्हणायचं असतं. त्या फेरीचं वाक्य जज्जसाहेबांनी मुद्दाम बेतलं होतं: या कुरणात मेंढ्या चालणार नाहीत. ग्राशी खांबाशी उभी राहिली. मी टेबलावर उघडी, रिकामी पडले होते.

"म्हण," जज्जसाहेब म्हणाले.

"या कुरणात मेंढ्याच चालणार," ग्राशीने ठणकावून सांगितलं, आणि पातेल्यापाशी कुणाचीतरी पळी खाली पडली. जज्जसाहेबांनी हसू दाबत घड्याळ सुरू केलं.

पिस्तुलं झाली, रायफल झाली. मग मी. पहिल्या दोन पाट्या गेल्या. तिसरी गेली. चौथी सर्वांत लांब, जज्जसाहेबांनी स्वतः रोवलेली. तिला कडेला छर्रे लागले, ती डुलली आणि उभीच राहिली. ग्राशीने उरलेली दोन काडतुसं एकदम ओढली आणि एक निसटून मातीत पडलं. खाली पडलेलं पुन्हा उचलायचं नसतं. दुसरं आत गेलं. पाटी पुन्हा डुलली. पुन्हा उभी.

पट्टा रिकामा होता. ग्राशीचा हात त्यावरून दोनदा फिरला. मला ती भिंत दिसायला लागली, तिच्यावरच्या घंटा, त्या कात्र्या, माझ्यासाठी ठोकलेले दोन खिळे.

"संपली का गं?" जज्जसाहेबांनी विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

तेव्हा ग्राशीचा हात जाकिटाच्या आतल्या खिशात गेला. विचार करून गेला नाही, लहानपणीच्या सवयीने गेला. तिथे दोन काडतुसं होती. जुनी, कागदी, आइताच्या वेळची, दमट हवेने फुगलेली. एल्कोतल्या कुठल्याही दुनळीच्या घशात ती अडकली असती. पूर्वी माझ्याही अडकली असती. पण माझी घरं लायलने आरशासारखी केली होती. एक काडतूस घसरत आत गेलं. मी मिटले. ग्राशीने या वेळी घाई केली नाही.

पाटी मागे आडवी झाली. ग्राशीने मनगट झटकलं आणि फुगलेलं कागदी टरफलही माझ्यातून निमूट बाहेर पडलं.

जज्जसाहेबांनी दुसरं काडतूस मागून घेतलं, त्यावरचा आकडा डोळे बारीक करून वाचला आणि ते लायलला दाखवलं. लायलने मान हलवली. "छर्रे बारीक आहेत. नियमात बसतं," जज्जसाहेब म्हणाले. "सगळ्या पडल्या. आता मला कुणीतरी रस्सा वाढा."

ग्राशी पेयोपुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या हातावर उघडी होते.

"तूच ठेवलीस ना?"

"हात सवयीने गेला," पेयो पातेलं ढवळत म्हणाला.

"मी हरायला हवी होते ना तुला?"

"हवी होतीस." त्याने वर पाहिलं. डोळे धुराने लाल झाले असतील, मी त्यात पडत नाही. "पण रिकाम्या खिशाने नको. आइताने मला विचारलं असतं."

ग्राशीने उरलेलं काडतूस त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते पुसलं आणि परत तिच्याच खिशात टाकलं. वर म्हणाला, "दुसरं घरून आण. एक कधी ठेवायचं नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मीही सांगते, पण जपायचं म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. मला कुठे पाहिलंत तर उघडी आणि रिकामी आहे ना ते बघा, आणि मोठ्या माणसाशिवाय मला हात लावू नका. माझ्या नळ्या साफ ठेवा, खिट्टीला तेल द्या. एवढं केलंत की मग मला कामाला लावा. माझ्या अंगावरच्या चऱ्यांना डाग म्हणू नका. आणि माझ्यावरून डोळे पुसायचे असतील, तर फडकं माझ्यासाठी ठेवा, तुमच्या डोळ्यांसाठी दुसरं घ्या.

त्या भिंतीवरचे दोन खिळे पेयोने उपटले नाहीत. वर्तमानपत्रातली ती दोन कापलेली टोकं त्याने त्यांवर टांगली आहेत, जुन्या माशीसकट. खाली पितळी पाटीसुद्धा आहे. नवीन गिऱ्हाईक मान वर करून बघतं आणि विचारतं, "हे काय, नुसती टोकं? बंदूक कुठाय?"

पेयो सुपाचा वाडगा त्याच्यापुढे ठेवतो आणि सांगतो, "बंदूक कामावर गेलीये."