हॉटप्रेसमधला डावा बूट

मी एक जुना डोंगरी बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझा जुळा भाऊ, पण तो जन्माचा घुमा, त्यामुळे दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

मित्रांनो, आत्ता मी कांगडा जिल्ह्यातल्या बैजनाथच्या देवळाबाहेर चपला-बुटांच्या रांगेत उभा आहे. माझ्या मालकीणबाई, वीणाताई, आत महादेवाच्या दर्शनाला गेल्या आहेत. बुटाला निवांतपणा मिळतो तो देवाच्या दारातच. तेवढ्यात सांगून घेतो.

माझा जन्म आग्र्याच्या एका कारखान्यातला. जाड तपकिरी कातडं, पितळी कड्या आणि खाली करड्या, फेसासारख्या प्लास्टिकचा गुबगुबीत तळ. त्या तळाचा मला भारी तोरा होता. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर एका दुकानात मी बसून होतो, तिथं कितीतरी पाय माझ्यात आले आणि नाक मुरडून गेले. वीणाताई तेव्हा शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी मला घातलं, दुकानात एक चक्कर मारली, खाडकन पाय आपटला आणि म्हणाल्या, "हे हिमालयात चालतील." दुकानदाराला विचारलं नाही, सांगितलं. बाईंचा स्वभाव मला तिथंच कळला.

त्याच वर्षी मैत्रीण गिरिजाताईंबरोबर त्या कांगड्याला आल्या. आधी हेच बैजनाथ झालं. देवळं मला बाहेरूनच ठाऊक. आत काय असतं ते मोजेच जाणोत. मग मॅक्लिओडगंजला गेलो. तिथं तिबेटी लोकांची वस्ती आहे. देवस्थानाच्या प्रदक्षिणेला ते कोरा म्हणतात. देवदारांच्या सावलीतली वाट, दगडांवर रंगवलेले मंत्र, झाडाझाडांतून फडफडणाऱ्या पताका आणि ओळीनं बसवलेली पितळी मंत्रचक्रं. एकेक चक्र हातानं फिरवत पुढं सरकायचं, आणि देव उजव्या हाताला ठेवायचा, अगदी आपल्यासारखाच.

त्या वाटेवर एक तिबेटी म्हातारी लोकरीचे मोजे विकायला बसायची. सगळे तिला आमा-ला म्हणत, म्हणजे आई. तिच्या पायातले बूट असे होते की मूळचं कातडं कुठलं आणि ठिगळ कुठलं ते कळू नये. तळाला गाडीच्या टायरचा तुकडा ठोकलेला. ते घालून ती रोज पहाटे कोरा करायची. मला त्यांची कीव आली. मी नवा होतो, चकचकीत होतो.

मग आम्ही त्रिउंडला निघालो. धौलाधारच्या बर्फाच्या भिंतीसमोर एक उंच कुरण आहे, त्याचं हे नाव. गल्लू देवीच्या देवळापासून ओक आणि लाल फुलांच्या बुरांश झाडांच्या रानातून वाट चढत जाते. आम्ही शेवटच्या नागमोडी चढापर्यंत पोचलो, आणि आभाळ फाटलं. गारांचा मारा सुरू झाला. वाटाड्या म्हणाला, मागं फिरा. वीणाताई तिथंच उभ्या राहिल्या. माथा दिसत होता. पण गिरिजाताई थरथर कापत होत्या, आणि बाईंनी पाय वळवला.

दुसऱ्या दिवशी आमा-लाकडून मोजे घेताना त्यांनी ही हकीकत सांगितली. म्हातारी हसली. "पहाड कहाँ भागता है? फिर आना."

"आऊँगी. इन्हीं जूतों में आऊँगी," वीणाताई म्हणाल्या.

आणि मित्रांनो, इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. तुम्हाला वाटेल, मला फेकून दिलं असेल. नाही हो. मला जपलं! पुण्याला आल्यावर वीणाताईंनी मला पुसलं, माझ्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, दोन डांबरगोळ्या टाकल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि कपाटावर ठेवून दिलं. साधं पर्वतीवर जायचं असलं तरी पायात चपला. "ते झिजवायचे नाहीत. ते त्रिउंडचे आहेत." तुमच्याही घरी असेल पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला कपबश्यांचा सेट, ज्यातून अजून एकही पाहुणा चहा प्यायलेला नाही. त्यातलाच मी एक झालो.

दरवर्षी जायचं ठरायचं आणि काहीतरी आडवं यायचं. कधी शाळेच्या परीक्षा, कधी यजमानांचं आजारपण. मग ते गेले. मग वीणाताई निवृत्त झाल्या. मी आपला डांबरगोळ्यांच्या वासात पडून.

सन दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत एकदाची पिशवी हलली. वीणाताई आयर्लंडला, किलकेनीला, लेकीकडे निघाल्या होत्या. बेत असा की दीड-दोन महिने राहायचं, परतताना दिल्लीला उतरायचं, तिथं गिरिजाताई भेटणार आणि थेट धर्मशाळा. म्हणून मीही सामानात होतो.

लेकीचं नाव अबोली, पण नावाला जागलेली नाही. ती तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे. जावई मकरंद वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात प्लास्टिकच्या नळ्यांचं काम बघतो. नात निधी आठ वर्षांची, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीत देणारी.

त्या देशात ओल फार. वीणाताईंना माझी काळजी वाटली. "बुरशी धरेल बुटांना." तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉटप्रेस. पिशवीची गाठ न सोडता त्यांनी मला त्या हॉटप्रेसमध्ये टॉवेलांच्या खाली सरकवलं. उबेत राहील, चांगलं राहील. बाईंचा हेतू सोन्यासारखा होता. मी मात्र आतल्या आत उकडत होतो.

मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. विमानं थांबली, गिरिजाताई पुण्यात अडकल्या, वीणाताई किलकेनीत. अबोली इस्पितळातून आली की आधी आंघोळ, मग टेबलाच्या पार टोकाला बसून जेवण. दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम निघाला.

"दोन तर दोन," वीणाताई म्हणाल्या. घरांच्या मधोमध हिरवळीचं मोठं मैदान होतं. त्याच्या कडेनं त्यांनी चालायला सुरुवात केली. मैदान उजव्या हाताला ठेवून, कोऱ्याच्या रीतीनं. पाऊस असो, वारा असो, नागा नाही. पायात मात्र सुपरमार्केटमधून आणलेले पांढरे बूट.

"आज्जी, व्हाय डोन्ट यू वेअर द गुड वन्स?" निधीनं विचारलं.

"ते हिमालयाचे आहेत गं."

"बट दे आर जस्ट सिटिंग इन द प्रेस!"

पोरीचं बोलणं मी दाराआडून ऐकलं आणि मनात म्हटलं, शाब्बास गं माझी बाई. पण बुटाचं कोण ऐकतो?

पांढरे बूट संध्याकाळी चिखलानं माखून यायचे आणि हॉटप्रेसच्या फटीपाशी उभे राहून मला बातम्या द्यायचे. शेजारच्या ब्रीडाबाई आता अंतर राखून बरोबर चालतात. मर्यादा पाच किलोमीटरवर गेल्यावर ब्रीडाबाईंनी वीणाताईंना जवळची एक पवित्र विहीर दाखवली. तिथले लोक विहिरीला फेऱ्या घालतात, त्याही सूर्य फिरतो त्या दिशेनं, आणि शेजारच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधतात. "अगं बाई, हा तर कोराच!" असं म्हणत वीणाताईंनी आपल्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून झाडाला बांधली. काय मागितलं ते ब्रीडाबाईंना कळलं नाही, पण पांढऱ्या बुटांना कळलं: त्रिउंड. मला त्या पांढऱ्यांचा असा हेवा वाटला म्हणून सांगू!

दुसरं वर्ष उजाडलं. पुन्हा पाच किलोमीटर. वीणाताई पाठीवर डाळ-तांदळाच्या पिशव्या बांधून घरातला जिना चढू-उतरू लागल्या. मग लस आली, बंधनं सैल झाली, आणि एक दिवस गिरिजाताईंचा फोन आला. "वीणा, ऑक्टोबरात जमतंय का बघ. नाहीतर आता सोडून देऊ."

"सोडतंय कोण?" वीणाताई म्हणाल्या.

अबोलीनं मात्र ऐकताक्षणी नकारार्थी मान हलवली. "आई, दीड वर्ष मी माणसांना श्वासासाठी तडफडताना बघितलंय. तू पासष्टीची झालीस. तिकडे डोंगरात तुला काही झालं तर मी इथून काय करू?" तिचा आवाज फुटला.

वीणाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मग माझी परीक्षा घे. मी शिक्षिका आहे, निकाल मान्य करीन."

अबोलीनं डोळे पुसले. "ठीक आहे. ब्रँडन हिल चढून दाखव. कुणाचा हात न धरता, माथ्यापर्यंत. नाही जमलं तर इथून सरळ पुणे. त्रिउंडचं नाव काढायचं नाही."

"मान्य."

ब्रँडन हिल हा त्या भागातला सगळ्यात उंच डोंगर. आणि परीक्षेसाठी, मित्रांनो, माझी पिशवी उघडली गेली. इतक्या वर्षांनी वारा लागला. मला अंगात थोडं भुसभुशीत वाटत होतं, पण म्हटलं, आनंदानं होत असेल.

सप्टेंबरातला रविवार होता. पाइनचं रान संपलं, जांभळ्या हेदरच्या झुडपांतली वाट सुरू झाली, आणि माझ्या टाचेखाली काहीतरी कुरकुरलं. पुढच्या पावलाला तळाचा तुकडा शिळ्या भाकरीसारखा मोडून पडला. त्याच्या पुढच्याला माझा सगळा तळ जबडा वासून लोंबायला लागला.

निधी तिथल्या आयरिश धाटणीच्या इंग्रजीत ओरडली, "आज्जी, युअर बूट इज आफ्टर फॉलिंग अपार्ट!"

मकरंदनं वाकून एक तुकडा उचलला. बोटांत धरताच त्याचा भुगा झाला. "आई, हे प्लास्टिक वापरलं नाही की आतून कुजतं. आणि बंद पिशवीत, ऊब आणि दमट हवा... हॉटप्रेसमध्ये ठेवलेत तुम्ही?"

"मग काय बाहेर ओलीत ठेवू?" वीणाताई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यासाठी मला इतकी वर्षं जपलं, त्याच दिवशी मी दगा दिला होता.

अबोली हळूच म्हणाली, "आई, झालं आता. उतरू या. अशा बुटानं पाय मुरगळेल."

"तुझी अट काय होती? मी चढायचं. बुटानं नाही."

वीणाताई दगडावर बसल्या आणि पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. पुण्याची बाई जगाच्या पाठीवर कुठंही जावो, पिशवीत सुतळी असतेच. माझा तळ वर दाबून त्यांनी आडवे-उभे वेढे घेतले, बोचकं बांधावं तसं मला आवळलं आणि दाताखाली गाठ करकचली. मकरंदनं उठायला हात पुढं केला. "हात धरायचा नाही, ठरलंय," म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

मी जिवाची बाजी लावून धरून ठेवलं. माथा जवळ आला तेव्हा माझ्या भावानंही जबडा उघडला. त्यालाही सुतळी. वीणाताई आता पाऊल सपाट, जपून टाकत होत्या, पण थांबत नव्हत्या. धाप लागली तर उभ्याउभ्या श्वास घ्यायच्या आणि पुन्हा चालायच्या. अबोली मागून येत होती. आधी ती आईच्या पायांकडे बघत होती, मग आईचा श्वास ऐकत होती, डॉक्टरच्या कानांनी.

माथ्यावर दगडांची रास आहे. खाली बॅरो नदीचं वळण दिसत होतं. वीणाताईंनी रास उजव्या हाताला ठेवून एक फेरी घातली आणि मग बसल्या. अबोली येऊन त्यांच्या पायाशी बसली. सुतळीनं आवळलेल्या आम्हा दोघांकडे बघून तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"जा बाई जा. पण या बुटांना आधी तळ घालून घे."

किलकेनीतल्या एका मोच्यानं आम्हाला काळ्या रबराचे तळ बसवले. घरी आल्यावर वीणाताईंनी पिशवी, बोळे, डांबरगोळ्या सगळं कचऱ्यात टाकलं. त्या दिवसापासून दुकानात जायचं असो की कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा असो, पायात आम्हीच. पांढऱ्या बुटांना सुट्टी मिळाली.

आणि ऑक्टोबरात आम्ही इथं कांगड्याला आलो. मॅक्लिओडगंजच्या त्या वाटेवर आमा-ला जागेवरच होती, आणखी वाकलेली. तिला वीणाताई आठवल्या नाहीत, पण तिच्या पायांत तेच बूट होते! ठिगळं वाढली होती, टायरचा तुकडा नवा होता, आणि पहाटेचा कोरा करून आलेली ओली माती अजून त्यांवर होती. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. या खेपेला मला कीव आली नाही. मान आपोआप खाली गेली.

काल आम्ही त्रिउंड चढलो. नागमोडी चढावर वीणाताई जिथून मागं फिरल्या होत्या, ती जागा त्यांनी न थांबता ओलांडली. वर कुरणावर ऊन पडलं होतं आणि समोर धौलाधार उभी होती, अगदी हाताच्या अंतरावर. गिरिजाताई "पोचलो गं, पोचलो!" म्हणून ओरडत होत्या. वीणाताईंनी माझ्या नाकावर दोनदा थोपटलं. मला इतकी वर्षं जपलं, पण असं कुणी थोपटलं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. आम्हाला जपा, पण वापरून जपा. पुसा, ठिगळ लावा, तळ घाला, पण गाठ मारून कपाटात कोंडू नका. 'पायीची वहाण पायीच बरी' असं माणसं हिणवून म्हणतात. मला विचाराल तर त्याहून मोठा मान नाही.

आल्या बघा वीणाताई. गिरिजाताई विचारताहेत, "झालं ना मनासारखं? आता हे बूट ठेवून देशील?"

"ठेवून?" वीणाताई माझ्यात पाय सरकवत म्हणतात. "पुढच्या वर्षी निधीला आणायचंय. तोवर रोज पर्वती."