मैमूनचे वाडवडील

आसी नदीच्या काठी, हमा शहराच्या खालच्या अंगाला मैमूनचा तेलाचा घाणा होता. जैतुनाचा हंगाम ऐन भरात आला होता आणि लुबाबा घाण्याच्या उंबऱ्याशी बसून फळांतला पाला निवडत होती. गावाच्या लेखी ती मैमूनची दुसरी बायको आणि सहा वर्षांचा साबित हा मैमूनचा मुलगा. खरं म्हणजे मैमून तिच्या सासरचा मुक्त केलेला गुलाम. आणि सासर काही साधंसुधं नव्हतं. तिच्या नवऱ्याचे आजोबा खलिफा होते. आता ती गादी गेली होती, आणि नव्या राजवटीने त्या घराण्यातलं पाळण्यातलं मूलसुद्धा, मुलगा असला तर, सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

तिचा नवरा अबान उन्हाळ्यातच गेला. नव्या लोकांनी अभय दिलं, जेवायला बोलावलं, आणि हा शहाणा गेला. "ज्याची भाकरी खायची तो काय मारणार?" म्हणाला. त्यांनी सगळ्यांना भरल्या ताटावरच मारलं. मैमूनने बातमी आणली तेव्हा लुबाबा चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली. तेव्हापासून ती अशीच होती. उठ म्हटलं की उठायची, वाढलं की जेवायची.

विधवेने काजळ घालायचं नसतं. पण नवरा डोळ्यांसमोर घाणा ओढतोय आणि बाईचे डोळे कोरे, हे गावाला कसं पटावं? म्हणून मैमूनची खरी बायको मार्था रोज सकाळी तिची हनुवटी धरून काजळ घालायची, आणि मग विहिरीवर जाऊन बोटं मोडायची, "नटायला पुढे, कामाला मागे! सटवीने घर बुडवलंय माझं!" सवतीचं सोंग तिने असं वठवलं होतं की शेजारणी तिची समजूत काढायला यायच्या.

पोराचं सोंग मात्र लुबाबाने स्वतः बसवलं. अबानच्या वडिलांनी साबितकडून बोबडं बोलायच्या वयात कुळी पाठ करून घेतली होती, एकेका नावाला एकेक खजूर देऊन. ती पुसायची तर तिच्या जागी दुसरी घालायला हवी, असं ती धरून चालली. तिने मैमूनला बाप दिला, आजा दिला, पणजा दिला, थेट सात पिढ्या दिल्या. बापजाद्यांवाचून माणूस असतो हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिला कोण काय सांगणार?

रोज तिन्हीसांजेला पोरगं घडाघडा म्हणायचं, "साबित मैमूनचा, मैमून दाऊदचा, दाऊद शमऊनचा..." पलीकडे मैमून दगड पुसत असायचा. त्याचे ओठ हलताना तिला दिसायचे. नमाजातलं काही म्हणत असेल, असं तिला वाटायचं.

त्या दुपारी नव्या राजवटीचे खुरासानी शिपाई आले. चार घोडी अंगणात बांधली, मार्थाने पुढे ठेवलेली भाकरी तेलात बुडवून खाऊ लागले. त्यांचा म्होरक्या खुरासानातल्या मर्व शहराचा, पोरांत रमणारा माणूस. त्याने साबितला मांडीवर घेतलं.

"कोणाचा रे तू?"

साबितने एका दमात साती पिढ्या म्हणून दाखवल्या आणि खजुरासाठी हात पुढे केला.

म्होरक्याचा घास तोंडातच राहिला. "अरे वा! मला माझ्या आज्याचं नाव विचारशील तर सांगता यायचं नाही. आमच्यात आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. झालं. सात पिढ्या कोण मोजतं, ठाऊक आहे? ज्यांना गादीवर हक्क सांगायचा असतो ते."

दारात गाव जमलं होतं. म्होरक्याने लुबाबाकडे तोंड वळवलं.

"बाई, उन्हाळ्यात एक मोठी मेजवानी झाली, कानावर आलं का? मी होतो तिथे. त्यांच्यावर सतरंज्या टाकल्या आणि वर बसून जेवलो आम्ही. खालून अजून कण्हत होते काही."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. लुबाबाने एक किडकं फळ बाजूला टाकलं. काहीतरी वाटायला हवं, एवढंच तिला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. त्याचा हात पोराच्या मानेवर होता. मान त्या एका हातात मावत होती, तेवढं तिने पाहिलं आणि पुढचं फळ उचललं.

"तेल्या, तू सांग," म्होरक्या म्हणाला. "तुझा पणजा कोण?"

मैमूनने हात पुसले. त्याचे ओठ हलले, तेव्हा लुबाबाला उमजलं की त्याला साती नावं पाठ आहेत.

"ठाऊक नाही, सरकार," तो म्हणाला. "पणज्याचं सोडा, बापही ठाऊक नाही. लढाईत धरून आणलेलं पोर मी, बाजारात विकलेलं. पुढे धन्याने मोकळं केलं. तेव्हापासून जो तो विचारतो, कोणाचा रे तू? म्हटलं, निदान पोराला कोणी विचारू नये. म्हणून बसून बनवले सगळे. दाऊद, शमऊन, सगळी लबाडी."

मार्थाने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! आणि मला लग्नात काय सांगितलंस? सासरा म्हणे मोठा व्यापारी होता, मेल्या!"

म्होरक्या ठसका लागेपर्यंत हसला. "बाप उसने आणलेस की रोखीने?" एका शिपायाने विचारलं, तसं दारातलं गावही हसलं. मैमून मान खाली घालून उभा राहिला. साबितला मांडीवरून उतरवून, तेलाचे दोन बुधले उचलून ते निघून गेले.

माणसं पांगली. मैमून लुबाबाजवळ येऊन थांबला.

"मालकीणबाई, चूक माझीच. तेल्याच्या पोराला सात पिढ्या नसतात, हे मला ठाऊक होतं. पण ऐकायला बरं वाटायचं."

तो घाण्याकडे गेला. लुबाबाने पोराला हाक मारली.

"साबित, तू कोणाचा?"

"मैमूनचा, मैमून दाऊदचा..."

"नाही. मैमूनचा. पुढे कोणी नाही."

"दाऊद?"

"नाही."

"शमऊन?"

"तोही नाही."

घाणा थांबला होता. पोरगं थोडा वेळ घुटमळलं, मग जवळ सरकून अगदी हळू आवाजात म्हणालं, "आणि अबान?"

"कोण अबान?" लुबाबाने विचारलं.

साबित तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"कोणी नाही," तो म्हणाला, आणि मार्थाकडे भाकरी मागायला गेला.